‘कूटच्या वेढ्यातलं’ वेब्ली रिव्हॉल्व्हर घेतलं आणि २,३९५ पौंडांना बुडालो

आधी आकडा सांगतो, कारण रात्री झोपताना तोच डोक्यात फिरतो. २,३९५ पौंड. त्यातले २,३५० रिव्हॉल्व्हरचे आणि ४५ कुरियरचे. त्या दिवशीच्या दराने अडीच लाखाच्या वर रुपये होतात. बायकोला मी सुरुवातीला १,२०० सांगितले होते, तेही इथे लिहून टाकतो.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला, इंग्लंडमध्ये १४ वर्षं झाली. आमचे पणजोबा ११०व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई होते. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) कूटच्या वेढ्यात सापडले, तुर्कांच्या कैदेत गेले आणि १९१९ साली घरी आले तेव्हा म्हणे त्यांच्या आईने त्यांना ओळखलं नव्हतं. आजी सांगायची, वेढ्यात शेवटी शेवटी घोड्याचं मांस वाटायला लागले ते आपले लोक खाईनात, गवत-पाला उकडून खायचे. घरात त्यांचा एकच फोटो आहे आणि तोही वाळवीने अर्धा खाल्लाय. हे सगळं यासाठी सांगतोय की मी कुठल्याही जुन्या लोखंडामागे धावणारा माणूस नाही. बंदुकांचा नाद मला कधीच नव्हता. पण मार्च २०२५ मध्ये एका साइटवर जाहिरात दिसली, वेब्ली मार्क ६, साल १९१६, मुठीच्या मागच्या पट्टीवर ११० एम.एल.आय. (म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्री) कोरलेलं, ‘कूटच्या वेढ्यात अधिकाऱ्याने वापरलेलं’, आणि माझे हात कापायला लागले. पणजोबांच्या पलटणीतली वस्तू आणि ती माझ्या घरात येणार, एवढंच दिसत होतं.

वेब्ली माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो. बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीचं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर, .४५५ बोअर, मार्क ६ ला सैन्यात मंजुरी मिळाली मे १९१५ मध्ये. नळी सहा इंची, मूठ चौकोनी, खाली दोरी अडकवायची कडी. अंगठ्याने खिट्टी दाबली की मधूनच मोडल्यासारखं उघडतं आणि रिकामी काडतुसं आपोआप वर येतात. महायुद्ध संपेपर्यंत लाखोंनी बनली, म्हणजे दुर्मिळ अजिबात नाहीत, इथे निकामी केलेलं (म्हणजे गोळी झाडता येणार नाही असं) साधं मार्क ६ हजाराच्या आत-बाहेर मिळतं. वरचे सगळे पैसे त्या पट्टीवरच्या सहा अक्षर-आकड्यांचे होते. जिथे वस्तू साधी आणि किंमत गोष्टीची असते तिथे आधी गोष्ट तपासायची, आणि मी ते सोडून बाकी सगळं तपासलं.

हो, तपासलं. मी अडाण्यासारखा पैसे टाकले असं कोणी समजू नका. विकणाऱ्या माणसाचे साडेतीनशेच्या आसपास रिव्ह्यू होते, सगळे चांगले. मी फोनवर दोनदा बोललो, एकदा पाऊण तास. त्याला कूटमधला ब्रिटिश सेनापती टाउनशेंड माहीत होता, वेढ्याआधीची टेसिफॉनची लढाई माहीत होती, १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी कूटमध्ये होत्या हे त्याने मला न विचारता सांगितलं. इतकं तर आपल्या गावातल्या माणसांना माहीत नसतं! सोबत एक टाइप केलेलं पत्र होतं, अधिकाऱ्याच्या नातीचं, ‘आजोबांचं रिव्हॉल्व्हर आमच्या घरी होतं’ असं. साइटवर किंमत २,५०० होती, तो म्हणाला साइटचं कमिशन वाचतं, थेट बँकेत टाका, १५० कमी करतो. मी टाकले. दीडशे पौंड वाचवायला मी माझं सगळं संरक्षण स्वतःच्या हाताने काढून दिलं. साइटच्या बाहेर पैसे द्यायचेच नाहीत. क्रेडिट कार्डने घेतलं असतं आणि विकणारा धंदेवाला निघाला असता तर इथल्या कंझ्युमर क्रेडिट कायद्याच्या सेक्शन ७५ खाली कार्ड कंपनीच्या मानगुटीवर बसता आलं असतं, १०० पौंडांच्या वर ते लागू होतं.

आता ती गोष्ट सांगतो जी आठवली की अजून पोटात कालवतं. पैसे टाकायच्या आदल्या रात्री त्याने फ्रेमचा जवळून काढलेला फोटो पाठवला. पेटंट्स असं लिहिलेलं आणि खाली साल, १९१६, एकदम स्पष्ट. मी तो फोटो झूम करून करून बघितला, बाबांना साताऱ्याला पाठवला, ‘बघा १९१६, कूटचं साल’ असं लिहून. बाबा रडले फोनवर.

कूटला वेढा पडला ७ डिसेंबर १९१५ ला. शरणागती २९ एप्रिल १९१६ ची. मधले जवळजवळ पाच महिने आत काही जात नव्हतं, सोडवायला आलेल्या फौजा बाहेर अडून पडल्या होत्या, शेवटी विमानातून पिठाची पोती टाकली तीही पुरेना. मग १९१६ साली बर्मिंगहॅममध्ये छाप बसलेलं रिव्हॉल्व्हर डिसेंबरमध्येच बंद झालेल्या कूटमध्ये गेलं कुठून? ही तारीख मला पाठ होती. लहानपणापासून पाठ होती. साल डोळ्यासमोर होतं, वेढ्याची तारीख डोक्यात होती आणि मी दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून बघितले नाहीत, कारण मला बघायचं नव्हतं. मी १९१६ वाचलं आणि खूश झालो. त्याच फोटोने मी फसलो आणि त्याच फोटोत सगळं लिहिलेलं होतं.

आणि हे मला माझं मला कळलं नाही. मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात मी पणजोबांवर वीस मिनिटं बोललो, रिव्हॉल्व्हरचे फोटो स्क्रीनवर दाखवले (वस्तू नेली नव्हती, निकामी असली तरी अशी वस्तू बाहेर घेऊन फिरायची नसते). टाळ्या झाल्या. मग मागून एक काका शांतपणे म्हणाले, “अहो पण साल १९१६ दिसतंय, वेढा तर डिसेंबरला पडला ना?” ऐंशी-नव्वद माणसं बसली होती. मी काहीतरी उत्तर दिलं, जरा चिडूनच दिलं, आणि घरी येऊन सकाळपर्यंत जागा राहिलो. काका, तुम्ही हे वाचत असाल तर माफ करा. तुमचं बरोबर होतं.

दुसऱ्या आठवड्यात एका परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे गेलो. त्याने भिंग लावलं आणि दहा मिनिटात सगळं उघडं केलं. फ्रेमवरचा नंबर आणि सिलिंडरवरचा नंबर वेगळा, म्हणजे दोन रिव्हॉल्व्हरांचं मिळून एक केलेलं. पलटणीच्या खुणा साधारणपणे ठोकून उमटवत, अक्षरागणिक पंच, त्यामुळे ओळ थोडी वरखाली असते. माझ्या रिव्हॉल्व्हरवरची अक्षरं कोरलेली होती, एका उंचीची, आणि त्यांच्या कडा बोटाला लागत होत्या, तर आजूबाजूचं लोखंड शंभर वर्षं हाताळून गुळगुळीत. पट्टीवरचा काळसर रंग कापून अक्षर आत गेलेलं. म्हणजे आधी लोखंड म्हातारं झालं आणि नंतर कोणीतरी पलटणीचं नाव घातलं. मग त्याने फ्रेमवर दोन बाण दाखवले, टोकाला टोक लावलेले. एक बाण म्हणजे सरकारी मालमत्ता, आणि असे दोन समोरासमोर म्हणजे सरकारने भांडारातून रीतसर विकून टाकलेलं. कूटमध्ये शत्रूच्या हाती पडू नये म्हणून शरणागतीआधी तोफा, दारूगोळा नष्ट केला. तिथली वस्तू परत येऊन सरकारी भांडारातून विकली जाते आणि वर तीच वस्तू नातीच्या घरी पिढीजात असते, या दोन गोष्टी एकत्र बसतच नाहीत. पत्रातल्या अधिकाऱ्याचं नाव मी नंतर त्या काळच्या इंडियन आर्मी लिस्टमध्ये शोधलं, ११० मध्ये ते नाही. हे एका दुपारचं काम होतं, पैसे देण्याआधीही एका दुपारचंच होतं.

पण खरा दणका पुढे होता. जाहिरातीत लिहिलं होतं ‘जुन्या पद्धतीने निकामी केलेलं, चाप आणि घोडा चालतो’ आणि मला वाटलं वा, हे तर जास्त चांगलं. इथे नियम असा आहे की २०१६ च्या युरोपियन नियमांच्या आधी निकामी केलेलं हत्यार तुम्ही स्वतःजवळ ठेवू शकता, पण तसंच्या तसं विकू किंवा भेट देऊ शकत नाही, तो गुन्हा आहे. नव्या पद्धतीने वेल्डिंग करून प्रूफ हाऊसचं (हत्यारं तपासून प्रमाणित करणारी संस्था) नवीन सर्टिफिकेट घ्यावं लागतं, आणि डिसेंबर २०१९ पासून अशी वस्तू हातातून हातात गेली की होम ऑफिसला (इथल्या गृहखात्याला) कळवावंही लागतं. माझं सर्टिफिकेट १९९३ चं. म्हणजे त्याने मला विकलं तोच गुन्हा, आणि मला विकून पैसे मोकळे करायचे तर आधी त्या परवानाधारक विक्रेत्याने सांगितलेले १६५ पौंड घालून तो सगळा घोडा-चाप वेल्ड करायचा. सर्टिफिकेटवरची तारीख बघा, नंबर वस्तूशी जुळवा, मगच बोला. आणि हा कागद म्हणजे भारतातलं लायसन्स नाही, गावी न्यायचा विचारसुद्धा करू नका.

आता ज्यांनी मदत करायची त्यांच्याबद्दल. बँकेला फोन केला, ४० मिनिटं संगीत ऐकलं. ७ ऑक्टोबर २०२४ पासून अशा फसवणुकीत बँकांनी पैसे परत द्यायचा नियम आहे हे मी वाचून गेलो होतो. बँक म्हणते तुम्हाला वस्तू मिळाली ना, मग ही फसवणूक नाही, हा खरेदीचा वाद आहे. अहो, खोटी अक्षरं कोरून विकलं तरी वाद? अपील केलं, तेच वाक्य लेखी आलं. साइटवाले म्हणाले व्यवहार आमच्या बाहेर झाला. ऑनलाइन तक्रार भरली तर एक नंबर आला आणि पाच आठवड्यांनी पत्र, की तपास करता येण्यासारखं काही आढळलं नाही. कोणी माझ्याशी एक शब्द बोललं नाही, फोटो मागितले नाहीत, सिलिंडरचा नंबर विचारला नाही! पोलिसांना फोन केला, तीन वेळा, तीन वेगळी माणसं, तिघांचं एकच, दिवाणी प्रकरण आहे.

म्हणून चौथ्या वेळी मी सांगितलं की हे जुन्या पद्धतीचं आहे आणि विकणाऱ्याने कायदा मोडलाय. तेव्हा मात्र दोन दिवसांत आले. त्याच्याकडे नाही, माझ्याकडे! संध्याकाळी सहा वाजता गणवेशातले दोघं, शेजारी खिडकीत, मुलगी जिन्यात उभी. ‘तपासणीसाठी’ म्हणून रिव्हॉल्व्हर आणि मूळ सर्टिफिकेट घेऊन गेले, हातात एक पावती. त्याला आता अकरा आठवडे झाले. ईमेल केला की उत्तर येतं, संबंधित अधिकारी रजेवर आहेत. ज्याने तक्रार केली त्याच्या घरातून वस्तू उचलली आणि ज्याने विकली त्याच्या दारात कोणी गेलं की नाही हे मला सांगायलाही कोणी तयार नाही. मूळ सर्टिफिकेटची दोन्ही बाजूंनी कॉपी काढून ठेवा, माझ्याकडे सुदैवाने होती. छोट्या दाव्यांच्या कोर्टात जायचं तर माझ्या रकमेला ११५ पौंड फी, ती भरायलाही तयार आहे, पण पार्सलवरच्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र ‘इथे राहत नाहीत’ म्हणून परत आलं. पैसे देण्याआधी पत्ता घ्या आणि शक्य असेल तर स्वतः जाऊन वस्तू हातात घ्या. मी दोन तास गाडी चालवून गेलो असतो तर कडा बोटाला लागल्या असत्या.

हे आत्ता लिहायचं कारण वेगळंच आहे. परवा दुसऱ्या नावाने जाहिरात बघितली. परत वेब्ली मार्क ६, पट्टीवर ‘५ एम.एल.आय.’, मजकुरात ‘मेसोपोटेमिया १९१७’, किंमत २,६००. ५वी मराठा लाइट इन्फन्ट्री हे नावच १९२२ च्या पुनर्रचनेत आलं, तेव्हा आमची ११० तिची तिसरी बटालियन झाली. १९१७ मध्ये ते नाव कोणी कोरणार कसं? आणि एम अक्षर तेच आहे, उजवा पाय खाली जरा लांब गेलेला, माझ्या फोटोशेजारी ठेवून बघितलं. मी साइटला तक्रार केली, जाहिरात अजून तिथेच आहे आणि खाली दोन जणांनी विचारपूस केलेली दिसते, त्यातलं एक आडनाव मराठी आहे. भाऊ, तुम्ही जे कोणी असाल, त्याला सिलिंडरच्या नंबराचा फोटो मागा, आणि थेट बँकेत टाका म्हणाला तर फोन ठेवा.