पॉलिएस्टर लेबलं : दोन पावसाळे वापरून

कोकणात लोट्याला एका केमिकल कारखान्याचं स्टोअर सांभाळतो. इथे पाऊस लागला की चार-चार दिवस उघडत नाही आणि कागदी लेबलांचा लगदा होतो. दोन वर्षांपूर्वी एका ड्रमवरचं लेबल असंच गळून पडलं. आत टोल्युइन की मिथेनॉल, कुणालाच सांगता येईना. सॅम्पल लॅबला गेलं, बॅच थांबली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून पांढरी पॉलिएस्टर लेबलं, रेझिन रिबनवर, म्हणजे प्रिंटरमधल्या राळेच्या शाईच्या पट्टीवर छापलेली. रिबन महत्त्वाची बरं का! साध्या वॅक्स (मेणाच्या शाईच्या) रिबनची अक्षरं आयपीएच्या (आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या) बोळ्याने लगेच पुसली गेली. रेझिनची मी वीस वेळा घासली, बॅच नंबर जसाच्या तसा. ॲसिटोनने मात्र थोडी फिकट होतात.

एचडीपीईच्या (जाड प्लास्टिकच्या) ड्रमला गोंद धरत नाही, ही जुनी रड. या लेबलांचा धरतो, पण ड्रम कोरडा हवा. घाम सुटलेल्या ड्रमवर लावलं की कोपरे उचलतात. आमची पोरं आधी फडक्याने पुसतात, मग तळव्याने मधून कडेकडे दाबत नेतात आणि दिवसभर ड्रम हलवत नाहीत.

एक तक्रार आहे. उघड्यावरच्या ड्रमांवर धोक्याच्या चिन्हांची लाल चौकट वर्षभरात विटली. ती विटून कशी चालेल? पुरवठादाराला कळवलंय.

निर्यातीचा माल असेल तर बीएस ५६०९ चं, म्हणजे समुद्रमार्गे जाणाऱ्या ड्रमांच्या लेबलांसाठीच्या ब्रिटिश मानकाचं प्रमाणपत्र मागाच. त्यात लेबल ३ महिने समुद्राच्या पाण्यात ठेवून तपासतात. कागदापेक्षा महाग पडतात, तरी पुढची ऑर्डर याचीच दिली आहे.