लास वेगास: काय सोडायचं आणि त्याच्या जागी काय करायचं

बेलाजिओ हॉटेलसमोरच्या साडेआठ एकरांच्या तळ्यात संध्याकाळी दर पंधरा मिनिटांनी कारंजी नाचतात आणि ती बघायला एक सेंटही पडत नाही. त्याच रस्त्यावर थोडं उत्तरेला, छतावर आकाश रंगवलेल्या नकली व्हेनिसमध्ये दहा-पंधरा मिनिटांच्या होडीच्या फेरीला माणशी चाळीस डॉलरच्या आसपास जातात. मी दोन्ही केलंय. कारंज्यांपाशी तीन वेळा परत गेले. होडीतला फोटो कुठे ठेवलाय तेही आठवत नाही.

वेगासमध्ये हे वारंवार होतं. फुकटचं चांगलं असतं आणि त्याला लागूनचं विकतचं सुमार. कारण उघड आहे. रस्त्यावरून चाललेला माणूस आपल्या दारातून आत यावा म्हणून प्रत्येक हॉटेल जीव तोडून खर्च करतं, पण एकदा तो आत आला की त्याच्यावर खर्च करायची गरज उरत नाही. गळाला लावलेलं आमिष ताजंच असतं. माशाला ते खाऊन निघून जाता येत नाही, आपल्याला येतं. दोन-तीन रात्रींसाठी जाणार असाल तर खालच्या जोड्या त्या नजरेने वाचा.

वार आणि खोली

पहिली सोडायची गोष्ट म्हणजे शुक्रवार-शनिवार. रविवार ते गुरुवार तीच खोली कितीतरी स्वस्त मिळते. अपवाद मोठ्या प्रदर्शनांचा आणि शर्यतींचा: जानेवारीतला सीईएस हा इलेक्ट्रॉनिक्सचा मेळावा आणि 2023 पासून नोव्हेंबरमध्ये होणारी फॉर्म्युला वनची शर्यत. त्या आठवड्यांत मंगळवारही शनिवारच्या भावाने विकला जातो.

खोलीची तुलना करताना मोठ्या अक्षरांतला आकडा सोडून द्या. स्ट्रिपवरच्या, म्हणजे मोठ्या हॉटेलांच्या त्या मुख्य रस्त्यावरच्या, बहुतेक हॉटेलांत रोज 40 ते 55 डॉलर ‘रेझॉर्ट फी’ लागते, वर तेरा टक्क्यांच्या पुढे कर. तुम्ही तलावात उतरा किंवा उतरू नका, वायफाय वापरा किंवा वापरू नका, फी तीच. मे 2025 पासून अमेरिकेच्या केंद्रीय नियमानुसार सक्तीची फी धरूनच किंमत दाखवावी लागते, त्यामुळे फसगत कमी झालीय, रक्कम मात्र तशीच आहे. गाडी भाड्याने घेणार असाल तर पार्किंगही विचारून घ्या. 2016 पर्यंत स्ट्रिपवर ते बहुतेक फुकट असायचं, आता मोठ्या हॉटेलांत रोजचे पैसे पडतात.

आणि मिनीबारला हात लावू नका, अगदी शब्दशः. आईने एका हॉटेलात आपलं औषध गार ठेवायला आतल्या दोन बाटल्या उचलून टेबलावर ठेवल्या. त्या ट्रेखाली सेन्सर होते. बिलात दोन्ही बाटल्या लागल्या आणि ते पैसे काढून टाकायला मला रांगेत पाऊण तास उभं राहावं लागलं. औषधासाठी फ्रिज हवा असेल तर आधीच मागून घ्या.

तीन उंच जागा, एक तिकीट

हाय रोलर हा 550 फुटांचा पाळणा, अर्ध्या तासात एक फेरी. उत्तर टोकाचा स्ट्रॅटचा मनोरा 1,149 फूट. पॅरिस हॉटेलचा आयफेल टॉवर 540 फूट, म्हणजे खऱ्याच्या अर्धा. तिन्ही करणं म्हणजे तेच दिवे तीनदा विकत घेणं. स्ट्रॅट सगळ्यांत उंच खरा, पण गर्दीच्या भागापासून लांब, त्यामुळे तिथून शहर नकाशासारखं सपाट दिसतं. मी आयफेल निवडेन, तोही रात्री, कारण समोर बरोबर बेलाजिओचं तळं आहे आणि कारंजी वरून बघायला मिळतात.

स्फिअर: बाहेरून की आतून?

माझा नियम इथे मोडतो. 29 सप्टेंबर 2023 ला उघडलेलं 366 फूट उंचीचं हे गोळ्यासारखं प्रेक्षागृह बांधायला सुमारे 2.3 अब्ज डॉलर लागले. बाहेरचा सगळा पृष्ठभाग एलईडीचा. कधी डोळा, कधी चंद्र, कधी कुठल्यातरी मोबाइलची जाहिरात. ते सगळं फुकट, आणि पायथ्यापेक्षा लांबून जास्त छान दिसतं. आतलं तिकीट महाग आहे, नुसत्या चित्रपटालाच शंभराच्या आसपास डॉलर लागतात. तरीही वेगासमध्ये एकाच विकतच्या गोष्टीवर पैसे टाकायचे असतील तर मी इथे टाकेन. एक लाख साठ हजार चौरस फुटांचा पडदा डोक्यावरून मागेपर्यंत वळलेला आहे आणि त्याची कल्पना बाहेरून येत नाही. चक्कर येणाऱ्यांनी मात्र विचार करावा. माझ्या मैत्रिणीने अर्धा वेळ डोळे मिटून काढला.

टेबलावर

जुगार खेळूच नका असं मी सांगणार नाही. वीस-तीस डॉलर घेऊन तासभर बसण्यात मजा आहे, आणि बसल्यावर टिप देऊन पेयंही मिळतात. पण कुठे बसायचं ते बघा, कारण एकाच खेळाची चांगली आणि वाईट आवृत्ती शेजारी शेजारी ठेवलेली असते आणि बाहेरून दोन्ही सारख्या दिसतात.

रूलेट घ्या. चाकावर 1 ते 36 आकडे आणि शून्य. एका आकड्यावर लावलेला डॉलर लागला तर 35 मिळतात. एक शून्य असेल तर चाकाला 37 घरं, आणि कॅसिनोचा वाटा 2.7 टक्के. दोन शून्यांचं चाक, म्हणजे अमेरिकेतलं नेहमीचं, 38 घरांचं आणि वाटा 5.26 टक्के. अलीकडे स्ट्रिपवर तीन शून्यांची चाकं जागोजागी दिसतात. घरं 39, वाटा 7.69. बक्षीस मात्र तिन्हीकडे तेच 35. पंधरा डॉलरचा डाव आणि तासाला चाळीस फेऱ्या धरल्या तर सरासरीने एक शून्याच्या चाकावर तासाला 16 डॉलर जातील, दोनवर 32, तीनवर 46. तीन शून्यांचं टेबल बहुतेक वेळा सगळ्यांत कमी रकमेचं असतं आणि म्हणूनच नवखा माणूस तिथेच बसतो. एक शून्याचं चाक शोधलं तर सापडतं, पण तिथला किमान डाव मोठा असतो. त्यामुळे खरी निवड बऱ्याचदा दोन शून्यांवर थोडा वेळ बसणं आणि अजिबात न बसणं यांच्यातच असते.

ब्लॅकजॅकमध्ये टेबलाच्या कापडावर छापलेली ओळ वाचा. ‘3 ला 2’ असेल तर पंधरा डॉलरच्या डावावर ब्लॅकजॅक (पहिल्या दोन पत्त्यांतच एकवीस) आल्यास साडेबावीस मिळतात. ‘6 ला 5’ असेल तर अठरा. सहा आणि पाच हे आकडे तीन आणि दोनपेक्षा मोठे, म्हणून ते ऐकायला उदार वाटतात, आणि तिथेच फसायला होतं. साधारण एकवीस डावांत एकदा ब्लॅकजॅक येतो, म्हणजे दर वेळी साडेचार डॉलर सोडून द्यायचे. व्यवस्थित खेळणाऱ्याविरुद्ध कॅसिनोचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, तो या एका ओळीमुळे जवळपास दोनवर जातो. स्ट्रिपवरच्या स्वस्त टेबलांवर ‘6 ला 5’चंच राज्य आहे. डीलर ‘इन्शुरन्स’ (त्याला ब्लॅकजॅक येईल यावरची जादा पैज) विचारेल तेव्हा मान हलवून नाही म्हणा.

बॅकराटमध्ये ‘बँकर’वर लावलं तर वाटा एक टक्क्याच्या थोडा वर, ‘टाय’वर चौदाच्या वर. तेच टेबल, तेच पत्ते, चार इंच बाजूला ठेवलेली चिप. फाशांच्या क्रॅप्समध्ये ‘पास लाइन’ची पैज ठीक, टेबलाच्या मध्यभागी छापलेलं सगळं सोडा. केनो (आकड्यांची सोडत) आणि ते मोठं फिरतं चाक नुसतं बघण्यापुरतं.

स्लॉट मशीनवर कोणत्याही शून्याची मोजदाद करता येत नाही. नेवाडाच्या नियमानुसार मशीनने दीर्घकाळात किमान 75 टक्के परत द्यायला हवेत, प्रत्यक्षात मशिनं त्यापेक्षा बरीच जास्त देतात, पण एका सेंटवाली मशिनं सगळ्यांत कंजूष. शिवाय अमेरिकेबाहेरून गेलेल्यांसाठी एक गोष्ट कुणी सांगत नाही. स्लॉटवर मोठा जॅकपॉट लागला तर अनिवासी परदेशी व्यक्तीकडून 30 टक्के कर तिथल्या तिथे कापला जातो. ब्लॅकजॅक, बॅकराट, क्रॅप्स आणि रूलेटमधल्या जिंकण्यावर असा कर नाही. वय 21 पूर्ण हवं आणि मूळ पासपोर्ट जवळ हवा. कॅसिनोतलं एटीएम टाळा, एकदा पैसे काढायचेच आठ-दहा डॉलर किंवा जास्त लागतात.

बुफे

स्वस्त आणि पोटभर, ही बुफेची जुनी कीर्ती होती. 2020 नंतर बरेच बुफे पुन्हा उघडलेच नाहीत आणि जे उरले त्यांतल्या नावाजलेल्यांचे दर माणशी साठ-सत्तर डॉलरच्या वर गेले. खेकडा, कोळंबी आणि भाजलेलं मांस भरपूर खाणाऱ्याला ते परवडतात. शाकाहारी माणूस सत्तर डॉलरचं सॅलड खाऊन उठतो. त्यापेक्षा हॉटेलांतले फूड हॉल, किंवा टॅक्सीने पंधरा मिनिटांवरचं स्प्रिंग माउंटन रोडवरचं चायनाटाउन. पाणी मात्र औषधांच्या दुकानातून घ्या. हॉटेलच्या दुकानात एका बाटलीला मोजता तेवढ्यात तिथे अख्खा खोका येतो.

फुटपाथवर

पिसं लावलेल्या नर्तिका, सुपरहिरो, हातात सीडी कोंबणारे, मनगटात मणी घालणारे भगवे वस्त्रधारी. सगळ्यांना एकच उत्तर: हात खिशात, चाल चालू. नर्तिकांसोबत फोटो काढलात तर दोघी वेगवेगळे वीस डॉलर मागतील. ‘शोची फुकट तिकिटं हवीत का?’ विचारणाऱ्या काउंटरवाल्यांचं तिकीट खरं असतं, पण त्याची किंमत टाइमशेअरच्या (सुट्टीच्या घरातल्या वाट्याच्या) विक्रीभाषणात बसून दिलेले दोन-तीन तास. तीन दिवसांच्या सहलीतली अर्धी सकाळ त्याला देऊ नका. कमी दरात तिकिटं हवी असतील तर त्याच दिवसाची सवलतीची तिकिटं विकणारे काउंटर स्ट्रिपवर आहेत.

पादचारी पुलांवर फोटोसाठी थांबू नका. जानेवारी 2024 मध्ये क्लार्क काउंटी या इथल्या स्थानिक प्रशासनाने पुलांवर थांबण्यालाच मनाई करणारा नियम केला आहे.

प्रवासासाठी मोनोरेल की बस? मोनोरेल वेगवान, पण स्थानकं हॉटेलांच्या मागच्या बाजूला आहेत आणि ती विमानतळावर जात नाही. स्थानकापर्यंत पोहोचायला कॅसिनोतून दहा मिनिटं चालावं लागतं, अर्थात योगायोगाने नव्हे. ड्यूस ही दुमजली बस चोवीस तास थेट स्ट्रिपवरून डाउनटाउनपर्यंत जाते. ती रहदारीत अडकते, तरी मी बसच घेते. विमानतळाहून स्ट्रिपला टॅक्सीचे दर ठरलेले आहेत, म्हणून लांबच्या बोगद्यातून फिरवून आणण्याची जुनी भीती आता बाळगू नका.

जुन्या याद्यांपासूनही सावध राहा. मिराज हॉटेलसमोरचा नकली ज्वालामुखी अजून ‘जरूर बघा’मध्ये सापडतो. मिराज 17 जुलै 2024 ला बंद झालं. ट्रॉपिकाना हॉटेल त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुरुंग लावून पाडलं.

स्ट्रिपची एक संध्याकाळ सोडायची असेल तर

फ्रीमाँट स्ट्रीटसाठी सोडा. गंमत अशी की स्ट्रिप लास वेगास शहराच्या हद्दीत नाहीच. तिचा बहुतेक भाग पॅरडाइज नावाच्या वस्तीत मोडतो, आणि 1959 ची ती प्रसिद्ध स्वागताची पाटीसुद्धा हद्दीबाहेरच उभी आहे. पाटीपुढची रांग लांब असेल तर बाजूने फोटो काढा आणि पुढे चला. मूळचं शहर म्हणजे फ्रीमाँट. इथे 1906 पासूनचं गोल्डन गेट आहे, पाव मैलापेक्षा जास्त लांबीचं दिव्यांचं छत आहे आणि रात्री त्यावर दर तासाला फुकट खेळ होतात. झिपलाइन सोडली तरी चालेल. जवळचं मॉब म्युझियम मात्र सोडू नका. ते 1933 च्या जुन्या संघराज्य न्यायालयाच्या इमारतीत आहे आणि संघटित गुन्हेगारीची सिनेटची सुनावणी 1950 मध्ये जिथे झाली, ती खोली तिथे उभी राहून बघता येते. हे शहर कुणाच्या पैशावर उभं राहिलं ते तिथे कळतं. निऑन म्युझियममधल्या जुन्या पाट्या अंधार पडल्यावर बघा.

कॅन्यन, पण कोणता?

सगळ्यांत मोठी चूक इथे होते. ‘वेगासहून ग्रँड कॅन्यन एका दिवसात’ म्हणून जी बस विकली जाते, ती साउथ रिमची (दक्षिण कड्याची) असेल तर जायलाच 280 मैल, साडेचार तास. यायला तेवढेच. दिवसातले नऊ-दहा तास खिडकीतून वाळवंट बघण्यात आणि कड्यावर दोन-तीन तास. वेस्ट रिम (पश्चिम कडा) जवळ आहे, 125 मैलांच्या आसपास, पण तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग नव्हे. तो हुआलापाई या मूळ अमेरिकन जमातीच्या जमिनीवर आहे. 2007 चा काचेचा स्कायवॉक तिथलाच. प्रवेश आणि स्कायवॉक मिळून बरेच पैसे होतात आणि दिसतो तो कॅन्यनचा तुलनेने लहान भाग.

हातात एकच मोकळा दिवस असेल तर मी दोन्ही सोडून रेड रॉक कॅन्यनला जाईन. स्ट्रिपपासून सतरा मैल, तेरा मैलांचा वळणाचा रस्ता, लाल-पिवळे कडे, आणि दुपारी परत. ऑक्टोबर ते मेमध्ये गाडीला आधी वेळ आरक्षित करावी लागते. उन्हाळ्यात पहाटेच निघा. 7 जुलै 2024 ला लास वेगासमध्ये पारा 48.9 अंशांवर गेला होता. आणखी अर्धा दिवस असेल तर हूव्हर धरण, आणि आतल्या सशुल्क फेरीऐवजी शेजारच्या पुलावरची पायवाट. 726 फुटांची भिंत तिथून पूर्ण दिसते आणि तिकीट नाही. दुसरा अख्खा दिवस असेल तर पन्नास मैलांवरचं व्हॅली ऑफ फायर हे लाल खडकांचं उद्यान. साउथ रिमसाठी वेगळी सुट्टी काढा आणि रात्री कड्यावरच राहा.