विंडोज अपडेट : थांबवण्याची सोय चांगली, माहिती अपुरी

घरगुती वापराच्या विंडोजमध्ये अपडेट लांबणीवर टाकण्याची सोय २०१९ च्या मे महिन्यातील आवृत्तीपासून आली. विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये एक ते पाच आठवड्यांची मुदत निवडता येते, आणि ती संपली की साचलेले अपडेट बसवून घेतल्याशिवाय पुन्हा थांबता येत नाही. ही अट अनेकांना जाचक वाटते. मला मात्र ती या सेवेतील सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने विंडोजच्या सुरक्षेतील ज्या भोकातून जगभर शिरकाव केला, त्याचा पॅच (भोक बुजवणारी दुरुस्ती) मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दिला होता आणि हल्ला झाला १२ मे रोजी, म्हणजे पाच आठवड्यांची मुदत पुरेपूर वापरणाऱ्यालाही एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात संरक्षण मिळाले असते. त्यानंतर दीड महिन्याने आलेल्या नॉटपेट्या या विषाणूनेही पसरण्यासाठी तेच भोक वापरले (चोरलेले पासवर्ड हा त्याचा दुसरा मार्ग होता), आणि त्याच्या तडाख्यात न्हावा-शेवा बंदरातील एका टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले.

मासिक सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसिद्ध होते, भारतात तेव्हा रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा वाजलेले असतात. हा मंगळवार ८ ते १४ तारखेच्या दरम्यान येतो आणि जीएसटीआर-१ (विक्रीचे मासिक जीएसटी विवरणपत्र) भरण्याची अंतिम तारीख असते ११, त्यामुळे हिशेबाच्या कार्यालयांत अपडेटची सूचना नेमकी नको त्या वेळी झळकते. कामाचे तास नोंदवून ठेवल्यास त्या वेळेत यंत्र आपोआप रीस्टार्ट होत नाही. ही मर्यादा अठरा तासांपर्यंत वाढवता येते आणि तेवढी कोणत्याही कार्यालयाला पुरते.

खरी उणीव पुढे आहे. थांबायचे की नाही हे ठरवण्यासाठी जी एक गोष्ट कळायला हवी, ती म्हणजे या अपडेटने बुजवलेल्या भोकाचा कोणी आधीच गैरवापर करत आहे का, ती या पडद्यावर दिसत नाही. तिथे महिना, आवृत्ती आणि केबी क्रमांक (अपडेटचा ओळख क्रमांक) एवढेच असते. २०२१ मध्ये छपाईशी संबंधित दोन घटना चार महिन्यांच्या अंतराने घडल्या आणि दोन्हींचे उत्तर एकमेकांच्या उलट होते. मार्चचे अपडेट बसवलेल्या काही यंत्रांवर प्रिंट देताच यंत्र बंद पडून निळा पडदा येऊ लागला. दुरुस्ती आठवडाभरात आली, म्हणजे तेवढे दिवस थांबलेला माणूस फायद्यात राहिला. जुलैमध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ या छपाईच्या यंत्रणेतील भोकाचा पॅच मासिक वेळापत्रक मोडून तातडीने द्यावा लागला, कारण हल्ल्याची पद्धत आधीच उघड झालेली होती, तिथे आठवडाभर थांबणे म्हणजे दार उघडे ठेवून निजणे होते. या दोन परिस्थितींतील फरक मायक्रोसॉफ्टला ठाऊक असतो, त्यांच्या सुरक्षा मार्गदर्शिकेत प्रत्येक भोकापुढे ‘गैरवापर झाला’ किंवा ‘झाला नाही’ अशी नोंदही असते, पण सामान्य ग्राहक तिथपर्यंत जाणार कधी? ‘थांबवा’ या बटणाखाली एक लाल ओळ दिली असती, तरी काम भागले असते.

दुसरी तक्रार जुनीच आहे. विंडोज ७ साठी २०१६ च्या ऑक्टोबरपासून केवळ सुरक्षेचा वेगळा मासिक गठ्ठा मिळत असे. आता दुरुस्ती आणि नव्या सुविधा एकत्र येतात, आणि नव्या सुविधांना कंटाळलेला माणूस अपडेटच थांबवतो.

माझी शिफारस अशी, की चार-पाच संगणकांच्या कार्यालयाने एका यंत्रावर अपडेट लगेच येऊ द्यावे, बाकीच्यांवर एक आठवडा थांबावे, आणि गैरवापराची बातमी आली किंवा वेळापत्रकाबाहेरचा पॅच आला तर सर्वत्र त्याच रात्री बसवावे. महिन्याअखेरीस येणारे ऐच्छिक पूर्वावलोकन अपडेट कामाच्या यंत्रावर घेऊ नये. दर वेळी हाताने बटण दाबणे ज्यांना जमणार नाही, त्यांनी प्रो आवृत्ती घ्यावी. तिच्यात ग्रुप पॉलिसी या यंत्राचे नियम ठरवण्याच्या सोयीतून ० ते ३० दिवसांचा विलंब एकदाच ठरवून ठेवता येतो. एकट्या घरगुती संगणकासाठी त्यावर जादा पैसे घालवण्याचे कारण मला दिसत नाही.