बाबांच्या ४८६ चं कॅबिनेट आणि भोसरीतलं वर्कशॉप

बाबांचा १९९४ चा ४८६ डीएक्स२ कॉम्प्युटर होता. मदरबोर्डवरच्या बॅटरीने लीक होऊन बोर्डावरचे तांब्याचे ट्रॅक खाऊन टाकले, त्यामुळे बोर्ड केव्हाच गेला, पण कॅबिनेट भंगारात द्यायला घरात कोणाचाच हात धजेना. समोर स्पीड बदलायचं टर्बो बटण, हिरव्या आकड्यांत ६६ मेगाहर्ट्झचा स्पीड, आणि पॉवरचा तो जाडजूड स्विच, दाबला की टक्क. त्यात नवीन मिनी-आयटीएक्स, म्हणजे छोट्या आकाराचा मदरबोर्ड बसवायचं ठरवलं.

अडचण मागच्या बाजूची. तेव्हाच्या एटी (जुन्या पद्धतीच्या) कॅबिनेटला मागे फक्त कीबोर्डचं गोल भोक असतं, आजच्या बोर्डाचे यूएसबी, एचडीएमआय बाहेर यायला १५८.७५ बाय ४४.४५ मिमीची खिडकी लागते. पहिल्या दुकानात म्हणाले ग्राइंडरने दहा मिनिटांत उडवून देतो, मी कॅबिनेट उचललं आणि निघालो. ठिणग्यांनी पेंट जळला असता आणि तो रंग आता परत मिळत नाही हो.

मग पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीतलं हे वर्कशॉप. तिथल्या काकांनी आधी बोर्ड मागितला, व्हर्निअर लावून स्वतः मापं घेतली, मग पत्र्याची जाडी बघितली. खिडकी निब्लरने (पत्रा कुरतडत कापायचं हत्यार) कापली आणि कडा झाकायला वरून दीड मिमी अॅल्युमिनियमची लेझरकट प्लेट, चार स्क्रूवर. पहिली प्लेट मात्र उलटी कापून आली, ड्रॉइंगवर "बाहेरून बघताना" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असूनही, आणि त्यात माझे चार दिवस गेले. पण चूक लगेच मान्य केली, दुसरी फुकट दिली, आणि ती इतकी चपखल बसली की नखसुद्धा अडकत नाही. सगळ्याचे १८०० घेतले. माझ्या मते वाजवी, पण वेळेचा एक स्टार कापतोय.

स्विचचं काम मी घरी केलं. सगळ्यांनी हे नीट वाचा, जुन्या एटी एसएमपीएसच्या (पॉवर सप्लायच्या) पॉवर स्विचपर्यंत थेट २३० व्होल्टच्या वायरी येतात, त्या नवीन बोर्डाच्या पिनांना चुकूनही जोडू नका, पूर्ण काढून टाका. शिवाय तो स्विच दाबला की दाबलेलाच राहतो, आणि नवीन बोर्डाचं बटण चारेक सेकंद दाबून धरलं की पीसी बंदच होतो. त्या स्विचच्या आत एक बारीक वाकडी तार असते, चिमट्याने ती ओढून काढली की बटण दाबून लगेच परत येतं. टक्क थोडं हळू झालं, पण आहे.

आकड्यांच्या डिस्प्लेला फक्त ५ व्होल्ट लागतात. तो स्पीड मोजत नाही, मागच्या जंपरनी (पिना जोडायच्या छोट्या टोप्यांनी) ठरवलेला आकडा दाखवतो, म्हणून बाबांचा ६६ तसाच ठेवलाय.

गरम होण्याकडे लक्ष द्या. या डब्यात पुढून हवा यायला जागाच नाही, आधी प्रोसेसर ८१ डिग्रीला जात होता. छोटा एसएफएक्स एसएमपीएस लावल्यावर शेजारी जागा उरली, तिथे ८० मिमीचा पंखा काकांनीच बसवून दिला, आता ६८ च्या वर जात नाही.

जाताना बोर्ड सोबत न्या, नुसत्या मापांवर काम देऊ नका, आणि गुरुवारी जाऊ नका, एमआयडीसीला सुट्टी असते.