डिझेल टाकीतली बुरशी: औषध टाकायचं की टाकी उघडायची?

माझे दोन्ही उपाय करून झालेत, आधी औषध आणि मग टाकी, आणि आता वाटतं क्रम उलटा हवा होता. पण लगेच माझ्या बाजूने येऊ नका, कारण मेव्हण्याच्या गाडीला नुसत्या औषधाने आराम पडला आणि अजून भेटला की टोमणा मारतो, दाजी उगाच सीट उचकटून बसलात म्हणून. गाड्या दोघांच्या जवळपास सारख्याच वयाच्या, दोन्ही कॉमन रेल (म्हणजे एका सामाईक नळीत, रेलमध्ये, जबर दाबाने डिझेल साठवून इंजेक्टरमधून फवारणाऱ्या), दोन्हींच्या टाकीत बुरशी. तरी त्याला जे पुरलं ते मला पुरलं नाही. हे असं का झालं एवढं कळलं तरी तुमचं निम्मं ठरेल.

मुळात बुरशीच आहे ना, ते आधी बघा. फिल्टर काळा निघाला की बुरशी असं बरेच जण धरून चालतात, मीही चाललो. पण इंजिनातून गरम होऊन परत येणारं डिझेल वारंवार तापलं की त्यातून अ‍ॅस्फाल्टीनचा काळा गाळ सुटतो आणि तोही फिल्टर काळाच करतो. बोटावर चोळा, काजळीसारखा कोरडा लागला तर तो गाळ, बुळबुळीत लागला आणि वास नेहमीच्या डिझेलचा नसेल, आंबूस किंवा सडक्या अंड्यासारखा असेल, तर बुरशीचा संशय घ्यायला हरकत नाही. थंडीतच त्रास होतो आणि ऊन चढलं की आपोआप जातो असं असेल तर ते बहुतेक पॅराफिनचं मेण, त्याचा या विषयाशी संबंध नाही.

खात्री करायला मला बरणी पटली. फिल्टरच्या बुडाला पाणी सोडायचा स्क्रू असतो, तिथून किंवा जमलं तर टाकीच्या तळातून डिझेल काढा आणि काचेच्या बरणीत रात्रभर हलवू नका. सकाळी वर डिझेल, खाली पाणी आणि दोघांच्या मधे सायीसारखा थर दिसला तर पाहुणे आलेत समजा. ही बुरशी राहते पाण्यात आणि जेवते डिझेल, त्यामुळे तिचं बिऱ्हाड बरोबर दोघांच्या सीमेवर असतं. त्यातली सगळ्यात प्रसिद्ध हॉर्मोकोनिस रेझिनी, केरोसीनमध्येही तीच सापडते म्हणून तिला केरोसीन फंगस म्हणतात, आणि तिच्या जोडीला यीस्ट आणि बॅक्टेरिया असतातच. (काही मेकॅनिक याला शेवाळ म्हणतात. शेवाळाला उजेड लागतो हो, टाकीत कुठला आलाय उजेड! पण नाव काही का असेना, त्रास तोच.)

मेव्हण्याच्या बरणीत चमचाभर पाणी आणि त्यावर पातळशी साय होती. माझ्या बरणीत बोटभर पाणी, वर तपकिरी पापुद्रे, आणि बरणी हलवली की ते लोंबत हलायचे. माझी गाडी सात महिने अर्ध्या टाकीवर उभी होती, त्याची रोज चालत होती. माझ्या मते सगळा फरक इथेच होता, पण हे मला नंतर कळलं.

तर औषध, म्हणजे बायोसाइड. याची बाजू अगदी साधी आहे. काही उघडायचं नाही, डोस टाकायचा, टाकी भरायची, गाडी थोडी फिरवून एखादा दिवस उभी ठेवायची आणि मग चालवायची. ओतल्यावर डिझेल भरलं की ते आपोआप मिसळतं. डोस किती कमी असतो ते बघून मला आधी फसवतायत असंच वाटलं. बायोबॉर जेएफ घेतलं तर लागण झाल्यावरचा शॉक डोस 270 पीपीएम (म्हणजे वजनाने दहा लाख भागांत 270 भाग) आणि नंतरचा राखणीचा त्याच्या निम्मा, 135. 50 लिटर डिझेलचं वजन साधारण 42 किलो, म्हणजे शॉक डोस झाला अकरा-बारा ग्रॅम. दोन-तीन चमच्यांत काम.

आणि इथेच आपला हात सैल सुटतो, थोडं जास्त टाकू, लवकर मरतील. नका टाकू. 2020 च्या फेब्रुवारीत गॅटविकहून उडालेल्या एका एअरबस ए321 ची इंजिनं उड्डाणानंतर लगेच बिघडली आणि विमान परत उतरवावं लागलं, चौकशीत निघालं की देखभालीच्या वेळी टाकीत बायोसाइड ठरल्याच्या सुमारे 38 पट पडलं होतं. आपली गाडी काही विमान नाही, पण 1,600 ते 2,000 बारवर (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका दाब) चालणारे इंजेक्टर पण काही कमी नाजूक नसतात. इंजेक्शनची सिरिंज घ्या आणि मोजून टाका. हातमोजे घाला, यातली बरीच औषधं कातडीला चावतात.

अजून एक गफलत म्हणजे डब्यावर डिझेल क्लीनर लिहिलेलं दिसलं की लोक ते बायोसाइड समजून ओततात. क्लीनर नोझल साफ करतो, बुरशीला त्याचं काही सोयरसुतक नसतं. आणि पाणी विरघळवून टाकतो असं सांगणारी जी द्रव्यं असतात त्यांच्यापासून तर मी लांबच राहतो, कारण तळाशी गप बसलेलं पाणी डिझेलमध्ये मिसळवून ते इंजेक्टरपर्यंत पोचवायचं, हे काही मला झेपत नाही. पाणी बाहेर काढायचं असतं.

मेव्हण्याने फिल्टरमधलं पाणी सोडलं, डोस टाकला, पंधरा दिवसांनी फिल्टर बदलला, विषय संपला. मीही अगदी तेच केलं.

पहिला आठवडा झकास गेला. मग एका चढावर गाडीने दम टाकला. अ‍ॅक्सिलरेटर दाबतोय आणि गाडी पिकअपच घेत नाही, मग झटके, मग चेक इंजिनचा दिवा, मग गपगार. बाजूला घेतली, दहा मिनिटं नुसता बसलो, चावी फिरवली आणि बाईसाहेब अशा चालू झाल्या जणू काही घडलंच नाही. मेलेल्या बुरशीने फिल्टर चोंदणार हे मला माहीत होतं, औषधाच्या माहितीपत्रकातही होतं, म्हणून फिल्टर बदलला. चार दिवसांनी परत तेच. परत फिल्टर. या वेळी जुना कापून बघितला तर आतला कागद जवळजवळ स्वच्छ! फिल्टर साफ आहे आणि तरी गाडी डिझेलला तरसतेय. स्कॅनर लावला की रेलचं प्रेशर कमी एवढंच सांगायचा. आणि मेकॅनिककडे नेली की शहाण्या बाळासारखी चालायची, तो म्हणाला, साहेब, गाडीत काही नाहीये, तुमच्या डोक्यात बसलंय.

डोक्यात नव्हतं, जाळीवर होतं. टाकीत पंपाच्या तोंडाशी एक जाळी असते, स्ट्रेनर. औषधाने बुरशी मेली, पण मेलेली बुरशी काही हवेत विरत नाही, भिंतीवरून तिचे पापुद्रे सुटतात, डिझेलमध्ये तरंगतात आणि पंपाने ओढ लावली की जाळीवर येऊन चिकटतात. चढावर ओढ जास्त, म्हणून तिथे गाडी मरते. इंजिन बंद केलं की ओढ संपते, पापुद्रे गळून खाली पडतात आणि दहा मिनिटांनी सगळं छान. बाहेरचा फिल्टर पाहिजे तितक्या वेळा बदला, कचरा त्याच्यापर्यंत पोचतच नाहीये तर तो पकडणार काय.

मला एवढी एकच गोष्ट टोचली, पण पुरती टोचली. फिल्टरचा खर्च नाही, बदलायची कटकट नाही, प्रायमर, म्हणजे डिझेल ओढायचा छोटा हातपंप, दाबून दाबून एअर काढताना हाताला येणारा वास पण नाही. समोर चढ दिसला की पोटात गोळा यायचा, हे नको झालं. ओव्हरटेक करताना मागे ट्रक असेल तर मनात हिशोब सुरू, आत्ता मेली तर? आणि ती जाळी साफ करायची तर टाकी उघडण्याशिवाय रस्ता नाही. म्हणजे जे टाळायला औषध घेतलं, तेच शेवटी दारात येऊन उभं.

मग उघडली. काही गाड्यांना मागच्या सीटखाली पंपावर पोचायचं झाकण असतं, माझ्या गाडीला होतं, नशीब. टाकी रिझर्व्हपर्यंत आणली, बॅटरीची वायर काढली, सगळ्या काचा उघड्या, लॉक रिंग फिरवून पंपाचं अख्खं मॉड्यूल तिरकं करून बाहेर काढलं. तिरकं अशासाठी की फ्लोटचा दांडा वाकला तर पुढे जन्मभर डिझेलचा काटा खोटं बोलतो. पंप ज्या वाटीत बसतो तिच्या तळाशी जे निघालं ते वर्णन करत नाही, जेवणाआधी वाचत असाल. जाळी म्हणजे जाळी वाटतच नव्हती, तपकिरी फडकं वाटत होतं.

उरलेलं डिझेल उपसून काढलं, धागे न सुटणाऱ्या कापडाने आणि थोड्या स्वच्छ डिझेलने तळ पुसला, पण टाकीच्या आत आडवे पडदे असतात, डिझेल हिंदकळू नये म्हणून, त्यांच्या पलीकडे हात जात नाही, तिथे कापड काठीला बांधून जमेल तेवढं केलं. शंभर टक्के साफ झालं असं मी म्हणणार नाही. फीड आणि रिटर्न, म्हणजे डिझेल इंजिनाकडे नेणारी आणि परत आणणारी, दोन्ही लाइन हवा मारून मोकळ्या केल्या, जाळी नवीन, फिल्टर नवीन. काढलेलं घाण डिझेल गटारात ओतायचं नाही हे सांगायची गरज नसावी, पण सांगतो, वापरलेलं ऑइल जिथे जमा करतात तिथेच द्या.

या बाजूचे तोटे लपवत नाही. अख्खा दिवस गेला, गाडीत आठवडाभर वास होता, घरचे मागे बसायला तयार नव्हते. आणि झाकण नसलेली गाडी असेल तर टाकी खाली उतरवावी लागते, फोर बाय फोरला तर बऱ्याचदा शाफ्टच्या दोन बाजूंना पसरलेली टाकी असते, एक्झॉस्ट काढा, शाफ्ट काढा, गंजलेले बोल्ट सोडवा, जुन्या प्लास्टिकच्या कनेक्टरने तुटायचं ठरवलं तर तो तुटतोच. तशी गाडी असती तर मी इतक्या तोऱ्यात लिहिलं असतं का, माहीत नाही. कदाचित औषधावरच अजून दोन महिने काढले असते. पत्र्याची टाकी असेल तर मात्र मी थांबणार नाही, कारण त्या थराखाली हवा पोचत नाही आणि तिथे सल्फेटवर जगणारे बॅक्टेरिया वाढतात, सडक्या अंड्याचा वास त्यांचाच, आणि ते पत्रा आतून खातात.

बाहेर मशीन लावून डिझेल गाळून परत टाकीत सोडायचं, ज्याला फ्युएल पॉलिशिंग म्हणतात, तेही आहे म्हणा. बोटींना, जनरेटरला ठीक. कारच्या टाकीत भिंतीवरचा थर तसाच राहतो, त्यामुळे मी त्यात पडलो नाही.

आता गंमत म्हणजे टाकी साफ केल्यावर मी औषध टाकलंच. शॉक डोस, पहिल्या भरलेल्या टाकीत. पडद्यांपलीकडे जे राहिलं असेल ते मारायला. म्हणजे औषधाशी माझं भांडण नाहीच. जाड थराच्या आतपर्यंत ते नीट शिरत नाही आणि वरचे मेले तरी खालचे परत वाढतात, पण थर निघून गेल्यावर त्याला काही अडवायला उरत नाही, मग ते चोख काम करतं. दोन टाक्यांनंतर फिल्टर पुन्हा काढून बघितला, स्वच्छ. तेव्हापासून चढावर एकदाही मेली नाही. आता हा पुरावा एका गाडीचा, तेवढाच धरा.

तर बरणीत नुसती साय असेल, गाडी रोज चालत असेल आणि अजून एकदाही रस्त्यात बंद पडली नसेल, तर मेव्हण्यासारखं करा, पाणी सोडा, मोजून औषध, जास्तीचा एक फिल्टर डिकीत ठेवा. पापुद्रे लोंबताना दिसले, किंवा बंद पडून दहा मिनिटांनी आपोआप सुरू होण्याचा तो खेळ एकदा जरी झाला, तर माझं मत विचाराल तर सरळ टाकी उघडा, मधले दोन फिल्टर तरी वाचतील. आणि दोन्हीपैकी काहीही केलं तरी पाणी येत राहिलं तर वर्षात परत तिथेच याल. युरोपच्या ईएन 590 मानकात किलोमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत पाणी चालतं, 50 लिटरला हे आठ-साडेआठ ग्रॅम झालं, आणि डिझेल गार पडलं की विरघळलेलं काही पाणी सुटून तळाला बसतं. त्याच मानकात 7 टक्क्यांपर्यंत बायोडिझेलही चालतं, आणि ते तर पाणी अजूनच धरून ठेवतं. म्हणून उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा आणि फिल्टरचा स्क्रू अधूनमधून सोडा, पाण्याचा दिवा लागायची वाट बघू नका.

उघडणार असाल तर मॉड्यूलखालची ओ-रिंग आधी आणून ठेवा. जुनी डिझेल पिऊन फुगलेली असते, एकदा बाहेर आली की परत खाचेत बसत नाही. मी नाही आणली, आणि दोन दिवस गाडी सीट बाहेर आणि टाकीवर फडकं अशा अवस्थेत उभी होती, मेव्हणा त्याचे फोटो काढून गेला.