पहिली आवृत्ती ओळखायची कशावरून: श्रेयपान की किंमत?

निपाणी-बेळगावकडच्या रद्दीत जुना कथासंग्रह हाती लागला की मी आधी श्रेयपान, म्हणजे प्रकाशक, आवृत्ती, साल छापलेलं पान, उघडतो. ‘पहिली आवृत्ती’ एवढं वाचून हुरळू नका. खाली दुसऱ्या आवृत्तीची किंवा पुनर्मुद्रणाची ओळ दडलेली असते. साल शकातलं असेल तर 78 मिळवा, जानेवारी ते मार्चमधलं असेल तर 79. शके 1881 चा चैत्र म्हणजे 1959.

छापील तारीखही कधी वादात सापडते म्हणा. आपल्या एकसंब्याचे जी. ए. कुलकर्णी यांनी ‘काजळमाया’च्या प्रकाशनकाळावरून वाद झाल्यावर साहित्य अकादमी पुरस्कारच परत केला!

वाचनालयातून बाद झालेल्या प्रतीत मात्र नेमकं श्रेयपानच फाटलेलं असतं. तेव्हा किंमत बघावी. ‘नवे पैसे’ हे नाणं 1 एप्रिल 1957 ला आलं, 1964 मध्ये त्यातलं ‘नवे’ गळालं. पण किंमत काळ सांगते, आवृत्ती नाही. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, दिसला तर प्रत 1959 ची असल्याचा दावा तिथेच सोडा; तो क्रमांक नंतर आला. वेष्टनावर तर माझा भरवसाच नाही; दुसऱ्या प्रतीचं सहज चढवता येतं.