सराफ्यात फिरायचं तर ५० की २४?

कॅननची क्रॉप बॉडी (३५ एमएम फिल्मपेक्षा लहान सेन्सरचा कॅमेरा) हाताशी आहे, कॅमेऱ्याबरोबर आलेल्या किट लेन्सचा कंटाळा आलाय आणि रस्त्यावरचे फोटो काढायची हौस आहे. अशा वेळी इंदुरात कुणालाही विचारा, "५० एमएम एफ/१.८ घे" हेच ऐकू येईल. (एमएमचा आकडा जितका मोठा, तितकी चौकट अरुंद; एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त.) सल्ला वाईट नाही. पण ईएफ-एस २४ एमएम एफ/२.८ ही सव्वाशे ग्रॅमची चपटी लेन्स कुणी फारसं सुचवत नाही. मी दोन्ही वापरल्या आहेत.

उजेडाच्या बाबतीत ५० उजवीच. १.८ आणि २.८ मध्ये जवळजवळ अडीच पटींचा फरक पडतो. शीतलामाता बाजारात साडी पसरून दाखवणारा दुकानदार रस्त्यापलीकडून टिपता येतो आणि त्याला पत्ताही लागत नाही. बुजऱ्या माणसाला हे फार सोयीचं. फक्त क्रॉप बॉडीचा लहान सेन्सर चौकटीच्या कडा कातरतो, म्हणून तिथे ती ८० सारखी वागते. रस्त्यावरच्या फोटोंसाठी गाजलेले फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांचा दाखला देऊन ५० गळ्यात मारणारे भेटतील, पण ब्रेसाँ ५० वापरायचे ३५ एमएम फिल्मवर. तेवढीच चौकट आपल्या बॉडीवर हवी तर एकतीस-बत्तीसची लेन्स लागेल.

माझं घोडं अडलं सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या सोन्याचांदीच्या बाजारात. रात्री सराफांच्या पेढ्यांची शटरं खाली आली की खाण्याचे ठेले लागतात, आणि दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलण्याचा खेळ सुरू होतो. ५० लावून समोर उभे राहा: चौकटीत एकतर हात येतो, नाहीतर द्रोण. दोन्ही हवेत म्हणून मागे सरकावं, तर पाठीशी गराडूची (तळायच्या कंदाची) कढई. आणि दोन पावलं मिळालीच, तर त्या मोकळ्या जागेत कुणीतरी प्लेट घेऊन लगेच उभं राहतं. "भिया, जरा साइड में" म्हणेपर्यंत द्रोण हातात परत आलेला असतो. हे दर वेळचं. बाकी गुणदोष एका पारड्यात आणि मागे सरकायला जागा नसणं दुसऱ्या पारड्यात, असं माझ्यापुरतं झालं.

२४ ने तिथूनच हात, द्रोण आणि वर माना करून बघणारी गर्दी, सगळं मावतं. उजेडाचं म्हणाल तर ठेल्यांवर दिवे भरपूर असतात. आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची क्षमता) ३२०० वर ठेवला की १/५०० सेकंदाचा शटर मला बहुतेक वेळा मिळतो. फोटोत दाणे दिसतात, पण मला खुपत नाहीत.

दिवसा तिचा आणखी एक फायदा. एफ/८ ला चार मीटरवरच्या कशावर तरी फोकस करून लेन्सचा स्विच एमएफवर (हाताने फोकस) टाकला, की साधारण दोन मीटरपासून पुढचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. मग राजवाड्यासमोर नुसतं चालत राहायचं आणि बटण दाबायचं. ५० वर हाच खेळ करायचा तर आठ मीटरच्या अलीकडचं सगळं सोडून द्यावं लागतं.

२४ मध्ये खोट आहेच. जवळ जावं लागतं, लोक बघतात, कुणी "क्यों खींचा?" विचारतं, हसून फोटो दाखवला की बहुधा भागतं. वायरी, पाट्या, उभ्या ॲक्टिव्हा न बोलावता चौकटीत घुसतात. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या झांक्या (देखावे) बघताना गर्दीतला एखादाच चेहरा हवा असेल तर मीही ५० च लावतो. रंगपंचमीच्या गेरमध्ये (रंग उडवत निघणाऱ्या मिरवणुकीत) मात्र कुठलीच नको, गच्चीवर जागा मिळाली तरच ५०.

चेहऱ्यांचंच वेड असेल तर माझं ऐकू नका. नाहीतर पैसे टाकण्याआधी किट लेन्सची रिंग २४ वर आणून तिला चिकटपट्टी लावा आणि एका शनिवारी रात्री सराफ्यात जा. पुढच्या शनिवारी ५० वर. दहीवड्यासमोर उभं राहिल्यावर कुठली पट्टी सोलून काढाविशी वाटते, ते बघा. पोटपूजा आधी उरका, तुपकट हातांनी रिंग सरकत नाही.